अ, ब, क आणि ढ

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दर्शनी भिंतीवरच्या काचेच्या फलकात याद्या लागतात. पाचवी अ, पाचवी ब, पाचवी क, पाचवी ड. बाहेर जूनचा चिखल. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताचं बोट काचेवर फिरवत आया नावं शोधत असतात. बोट 'अ'च्या यादीपासून सुरू होतं. नाव तिथे सापडलं तर छत्री मिटेपर्यंत ते शेजारणीला सांगून झालेलं असतं. नाही सापडलं तर बोट लगेच 'ब'कडे सरकत नाही. ते पुन्हा 'अ'च्या पहिल्या नावापाशी येतं, न जाणो वाचताना एखादी ओळ सुटली असेल. मुलगा या सगळ्यात नसतोच. चौथीत शेजारी बसणारा मित्र यंदा बरोबर आहे की नाही, एवढंच त्याला हवं असतं.

तुकडी हा तसा निरुपद्रवी, कारकुनी शब्द. पट वाढला की मुलं एका खोलीत मावत नाहीत, म्हणून तुकड्या पाडायच्या. शिक्षण खात्याकडून तुकडीला मान्यता मिळवायची, मग शिक्षकाचं पद मागायचं. अनुदानित तुकडी, विनाअनुदानित तुकडी हे शब्द संस्थाचालकांच्या तोंडी दिवसभर असतात. मुलं कशी वाटायची, हे शाळेगणिक वेगळं. काही ठिकाणी हजेरीच्या क्रमाने वाटतात, काही मुख्याध्यापक मुद्दाम सगळ्या तऱ्हेची मुलं सगळीकडे मिसळतात. पण मागच्या वर्षीचे टक्के उतरत्या क्रमाने मांडायचे, पहिली साठ 'अ'त, पुढची साठ 'ब'त, हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की 'अ तुकडीतला' हे मुलाचं विशेषण होऊन बसलं. शिक्षकांच्या खोलीत जरा कान दिला तर क्रियापदसुद्धा बदललेलं ऐकू येतं. अ तुकडीला 'शिकवतात'. ड तुकडीला 'सांभाळतात'.

या उतरंडीच्या तळाशी मराठीने एक अक्षरच नेमून ठेवलं आहे: ढ. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं वळणं बदलत गेली, ढ तेवढा जवळपास जसाच्या तसा राहिला. वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारा म्हणून 'ढ', असं सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो की कुणा मिश्कील पंतोजीची, तिच्यातली गोम मजेदार आहे. अक्षर बदललं नाही याचा ठपका अक्षरावर ठेवला गेला, ते लिहिणाऱ्या हातांवर नाही.

हे सगळं शाळेच्या व्यवस्थापनाचं प्रकरण वाटतं. खरं तर या भूमीतल्या एका अतिशय जुन्या धार्मिक प्रश्नाचं ते आजचं रूप आहे. ज्ञानाला अधिकारी कोण? वेदान्ताच्या पोथ्या आरंभालाच चार गोष्टी सांगून टाकतात: ग्रंथाचा विषय काय, प्रयोजन काय, ग्रंथाचा त्या विषयाशी संबंध काय आणि अधिकारी कोण. म्हणजे काय शिकवायचं याच्या जोडीला कोणाला शिकवायचं हेही ठरलेलं. यात वावगं काही नाही. ज्याला बेरीज येत नाही त्याच्यापुढे भागाकार मांडू नये, हे कुठल्याही शिक्षकाला कळतं. वेदान्ताने अधिकाऱ्याची जी लक्षणं सांगितली तीही कमावता येण्याजोगी आहेत: विवेक, वैराग्य, मन आणि इंद्रियं ताब्यात असणं, मोक्षाची ओढ. आज नसतील तर उद्या येतील. अधिकार हा इथे तयारीचा दुसरा शब्द.

घोटाळा पुढे होतो. त्याच शब्दाला दुसरा एक अर्थ चिकटलेला आहे, आणि तो तयारीने मिळत नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबालाची गोष्ट येते. मुलाला गुरूकडे जायचं आहे. गुरू गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो. जबाला सांगते की तरुणपणी चार घरी राबताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असं सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमापुढे तसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतो, ब्राह्मणावाचून असं कोणी बोलणार नाही, समिधा आण, तुझं उपनयन करतो.

गोष्ट बहुतेकांनी इथपर्यंत ऐकलेली असते, आणि कीर्तनातही ती इथेच थांबते. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. उपनयन झाल्यावर गौतम त्याला मंत्र शिकवायला बसत नाही. कळपातल्या चारशे रोड, अशक्त गाई तो वेगळ्या काढतो आणि म्हणतो, यांच्यामागे जा. चांगल्या गाई गोठ्यातच राहिल्या असाव्यात. आजच्या भाषेत सांगायचं तर नव्या, गोत्र नसलेल्या मुलाला ड तुकडी मिळाली. सत्यकाम निघताना सांगून जातो की हजार झाल्याशिवाय परतणार नाही. वर्षं जातात. गाई हजार होतात. वाटेत त्याला ब्रह्माचे चार पाद शिकवतात ते एक बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी. परत आल्यावर गौतम त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारतो, तुला कोणी शिकवलं? तो म्हणतो, माणसांनी नव्हे; पण मला तुमच्याकडून शिकायचं आहे. आणि गुरू त्याला सगळं शिकवतो, काही म्हणता काही वगळत नाही.

आता हीच गोष्ट शतकांनंतर ब्रह्मसूत्रांत कशी वाचली गेली ते पाहावं. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ३४ ते ३८ अशी पाच सूत्रं आहेत. त्यांना अपशूद्राधिकरण म्हणतात. शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, हा तिथला निर्णय. आणि सत्यकामाची कथा तिथे पुरावा म्हणून उभी केली जाते: मुलगा शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच गौतमाने उपनयन केलं, असा तिचा अर्थ लावला जातो. ज्या गोष्टीत एका आईच्या निर्भय उत्तराने दार उघडलं, तीच गोष्ट दाराची कडी म्हणून वापरली गेली.

शंकराचार्यांच्या भाष्यात याच ठिकाणी दोन बारकावे आहेत. तुकड्यांच्या शाळेत ते आजही जिवंत दिसतात. पहिला असा की शूद्राला ज्ञान पूर्ण बंद नाही, इतिहास-पुराणं ऐकण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे. म्हणजे शाळा एक, अभ्यासक्रम दोन. वेद वरच्या तुकडीला, पुराण खालच्या. दुसरा बारकावा अपवादांचा. महाभारतातले विदुर, धर्मव्याध शूद्र गणले जात, तरी त्यांना ज्ञान झालंच होतं, त्यांचं काय करायचं? उत्तर असं की ते त्यांच्या पूर्वजन्मीच्या संस्कारांचं फळ, ते अडवता येत नाही. अपवाद अशा रीतीने मान्यही झाला आणि नियमाला धक्काही लागला नाही. दहावीचा निकाल लागला की रिक्षाचालकाच्या मुलीला ९५ टक्के, धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलाचं यश, असे मथळे येतात. पेढा भरवतानाचा फोटो असतो. कौतुक खरंच असतं, पण त्या मुलीच्या वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणींचं काय झालं, हे त्या बातमीत कधीच नसतं. विदुर सापडला की हस्तिनापुराचं काम भागतं.

मराठीत या प्रश्नाला सर्वात आधी आणि सर्वात गोड शब्दांत उत्तर दिलं ते ज्ञानदेवांनी. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला चक्क कृपण ठरवतात. वेद संपन्न खरा, पण तीनच वर्णांच्या कानी लागला. स्त्री-शूद्रांना त्याने दूर ठेवलं. तो उणेपणा भरून काढायला वेदच गीतेच्या रूपाने पुन्हा आला, अशी त्यांची मांडणी आहे. शके १२१२ मधला हा विचार आहे. ज्याला खुद्द आळंदीच्या ब्रह्मवृंदाने संन्याशाचं पोर म्हणून बाहेर ठेवलं, असं परंपरा सांगते, त्याने विद्येच्या श्रीमंतीला चिक्कूपणाचा दोष लावावा, यात तक्रारीचा सूर नाही, हिशेबाचा आहे. साठवलेलं धन वाटल्याने कमी होत असेल, विद्या होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कुलूप बघून हसूच येणार.

सरकारी शाळा आल्या तेव्हा कुलूप तेच राहिलं, किल्ली सांभाळणारे बदलले. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला आणि एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी करता येणार नाही अशा अर्थाचा निर्णय झाला. ढोबळ हिशेब असा: एक विरुद्ध अनेक. त्या एकाच्या मागे किती जण अर्ज न करता घरी बसले होते, ते कुणी मोजलं नाही.

जोतीराव फुल्यांनी मोजलं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा तेव्हाचा लाडका सिद्धांत होता. इतक्या वर्षांत काय झिरपलं ते दाखवा, असा जोतीरावांचा रोख. पुण्यात महार-मांगांच्या पाच हजारांवर वस्तीला एकच शाळा आणि तिची हजेरी तीस मुलांच्याही आत, हा आकडा त्यांनी तिथे ठेवला. मागणी साधी होती: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

मग साताऱ्याच्या शाळेतलं ते गोणपाट. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे: वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला घरून गोणपाट आणायचं आणि शाळा सुटल्यावर ते परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. तुकडी ही कल्पना इतकी शुद्ध स्वरूपात दुसरीकडे पाहायला मिळत नाही. वर्ग तोच, मास्तर तेच, फळा तोच. गोणपाटाएवढी एका मुलाची स्वतंत्र तुकडी, रोज घडी घालून काखेत नेण्याजोगी. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, मिळालं नाही, फारसी घ्यावं लागलं. वेद वरच्यांना, पुराण खालच्यांना, या वाटणीचं वेळापत्रकातलं रूप असं दिसतं. संस्कृत त्यांनी नंतर आपल्या बळावर कमावलंच.

याच माणसाने १९३६ साली तुकड्यांच्या तत्त्वज्ञानावर सर्वात नेमका घाव घातला, तोही शाळेबद्दल न बोलता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधीच न झालेलं ते भाषण, 'जातिभेद निर्मूलन'. त्यांच्यासमोर आर्यसमाजी प्रतिपक्ष होता. तो म्हणे, जन्मावरची जात वाईट, पण गुणकर्मावरचं चातुर्वर्ण्य चांगलं. ज्याची जशी लायकी तसा त्याचा वर्ण. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातला आधार त्यांच्या तोंडी असायचा. ऐकायला हे थेट टक्क्यांवरच्या तुकडीसारखं लागतं. जन्म बघत नाही हो, मार्क बघतो.

आंबेडकरांनी इथे प्लेटोला बोलावलं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये नगरवासीयांना एक गोष्ट शिकवायची आहे: देवाने कुणात सोनं मिसळलं, कुणात चांदी, कुणात लोखंड आणि पितळ. प्लेटोला न्याय द्यायचा तर त्याने सोन्याच्या पोटी पितळ निघालं तर खाली पाठवा आणि पितळेच्या पोटी सोनं निघालं तर वर आणा, अशी तरतूदही ठेवली होती. आंबेडकरांचा आक्षेप त्याहून मुळाशी जातो. प्रत्येक माणूस वेगळा आहे, त्याच्यातल्या प्रवृत्ती इतक्या नाना तऱ्हेच्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या आहेत की त्यांना तीन-चार कप्प्यांत बसवणं हेच माणसाबद्दलचं उथळ ज्ञान आहे. वाटणी चुकीच्या आधारावर झाली, एवढीच त्यांची तक्रार असती तर आधार बदलून काम भागलं असतं. त्यांचं म्हणणं असं की आधार कुठलाही घ्या, कप्पे पुरे पडत नाहीत. ज्याला पाढे येत नाहीत त्याच्या गळ्यात सूर असतो, आणि तो सूर मोजायला यादीत रकाना नसतो.

शिवाय मार्क बघतो म्हणजे नेमकं काय बघतो? पाचवीच्या वयात मुलाच्या टक्क्यांत त्याच्या घरचं सगळं मुरलेलं असतं: अभ्यासाला वेगळी खोली, संध्याकाळी वही तपासणारी आई, शिष्यवृत्तीच्या जादा तासाची फी, घरी बोलली जाणारी बोली पुस्तकाच्या भाषेपासून किती लांब आहे ते. राज्यात अनेक शाळांतून 'अ' तुकडी म्हणजेच सेमी इंग्रजीची तुकडी असते. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. म्हणजे टक्क्यांच्या चाळणीखाली माध्यमाची चाळणी, आणि तिच्याखाली पालकांच्या ऐपतीची. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे ओळखलं होतं. चांगलं शिक्षण बुद्धीच्या नव्हे तर फी देण्याच्या ताकदीवर निवडलेल्या थोड्यांना मिळतं, असं सांगून आयोगाने सर्वांसाठी समान शाळा सुचवली. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरचे जे. पी. नाईक. अहवाल गाजला, शाळा मात्र ज्या दिशेने जायच्या त्याच दिशेने गेल्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. केंद्राच्या नियमावलीत एक ओळ घालावी लागली, ती वाचताना थबकायला होतं: या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळं बसवू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरवू नयेत. साताऱ्याच्या गोणपाटाला शंभरावर वर्षं होऊन गेल्यावर हे कायद्याने लिहावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट, असा बदल केला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

इथे एक तात्त्विक पेच आहे. अ तुकडीतल्या मुलाने अभ्यास केलेलाच असतो, मग त्याची जागा त्याने कमावलेली नाही का? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये लिहिलं की जन्मजात बुद्धी काय किंवा चांगलं घर काय, दोन्ही नशिबाच्या सोडतीत मिळतात. त्यांवर नैतिक हक्क सांगता येत नाही. मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा घरच्या वळणातून येते. भारतीय मनाला हे चटकन पटत नाही, कारण इथे सोडत नसतेच. कर्मसिद्धांत मानला की कुणाच्या पोटी जन्मलो यालाही कारण असतं, आणि ते आपलंच असतं. ज्याचं त्याचं नशीब असं पालकसभेनंतर कुणी म्हणतं, तेव्हा त्या शब्दांत हा सगळा सिद्धांत असतो. रॉल्सच्या जगात अ तुकडी हा योगायोग आहे, कर्माच्या जगात ती मिळकत आहे. आणि मिळकत म्हटली की देणं लागत नाही.

ब्रिटनमध्ये मायकल यंग यांनी १९५८ मध्ये 'मेरिटोक्रसी' हा शब्द शिवी म्हणून रूढ केला. १९४४ च्या कायद्यानंतर तिथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत पाठवत. यंग यांचं पुस्तक हे उपहासात्मक भविष्यचित्र होतं: गुणवंतांचं राज्य इतकं पक्कं होतं की खाली राहिलेल्यांना आपण खरोखरच नालायक आहोत असं वाटू लागतं, आणि २०३४ मध्ये दंगल होऊन खुद्द निवेदकच मारला जातो. पुढे राजकारण्यांनी तो शब्द कौतुकाने वापरायला सुरुवात केली. २००१ मध्ये म्हाताऱ्या यंगना लेख लिहून सांगावं लागलं, अहो, ती थट्टा होती.

इथवर आल्यावर तुकड्या मोडा असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण साठ मुलांच्या वर्गात उभं राहिलेल्या बाईंची बाजूही आहे आणि ती लबाडीची नाही. पाचवीच्या वर्गात दोन मुलं अपूर्णांकाला कंटाळलेली असतात आणि दहा मुलांना जोडाक्षर वाचता येत नाही. बाई मधल्यांसाठी शिकवतात. वरचे दोघे खिडकीबाहेर बघतात, खालचे दहा फळ्यावरचं निमूट उतरवून घेतात. ग्रामीण भारतात पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'असर'च्या शैक्षणिक पाहण्या २००५ पासून दाखवत आल्या आहेत. मिसळलेला वर्ग म्हणजे आपोआप न्याय, असं नाही.

पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. एस्थर डुफ्लो, पास्कालिन दुपास आणि मायकल क्रेमर यांचा तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक शाळेला पहिलीसाठी एक जादा शिक्षक दिला. साठ शाळांत मुलांची आरंभीच्या गुणांवर दोन वर्गांत वाटणी केली, बाकीच्या शाळांत चिठ्ठ्या टाकून. दीड वर्षाने वाटणी केलेल्या शाळांतली मुलं पुढे होती, आणि वरच्या वर्गातलीच नव्हे, खालच्याही. शिक्षकाला आपल्या वर्गाच्या पातळीला धरून शिकवता आलं, हे त्याचं कारण. तुकडीविरुद्ध लिहिणाऱ्याने हा अभ्यास लपवू नये. तो नीट वाचावा.

नीट वाचायचं तर मुंबईत यावं लागतं. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये इथल्या वस्त्यांत सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांच्या हातात एक कागद असतो. त्यावर एका चौकोनात सुटी अक्षरं, दुसऱ्यात साधे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. ताई जमिनीवर मुलासमोर बसते आणि कागद त्याच्याकडे वळवते. परिच्छेद वाच म्हणते. मुलाचं बोट पहिल्या शब्दाखाली जातं, ओठ हलतात, आवाज येत नाही. ताई घाई करत नाही. ती अलगद बोट शब्दांच्या चौकोनाकडे नेते. तिथे पाचातले चार वाचले की मूल मान वर करतं. काही मिनिटांत कळतं की हे मूल चौथीत असलं तरी शब्दांच्या टप्प्यावर आहे. मग दिवसातला तास-दोन तास ते त्याच टप्प्यावरच्या मुलांबरोबर बसतं. दुसरीचं, तिसरीचं, पाचवीचं, कुणीही. परिच्छेद वाचता आला की त्या गटातून उठून पुढच्या गटात. मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नावाने याच विचाराचा एक प्रयोग अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तपासला होता, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा खरा फायदा झाला.

हीसुद्धा वाटणीच आहे. मग फरक कुठे? कागदाने मुलाचा टप्पा सांगितला, जात सांगितली नाही. गटाला मुदत आहे. उठून जाणं हेच त्याचं उद्दिष्ट आहे, आणि गट रिकामा झाला तर ताईची शाबासकी होते. भिंतीवरच्या यादीला मुदत नसते. पाचवी ड सहावी ड होते, दहावी ड होते. आणि ड तुकडीचा टप्पा गाठायला तिथे चांगला शिक्षक दिला जातो का, हे वेळापत्रक बघून कुणीही सांगेल: बोर्डाच्या वर्षाचा गणिताचा हातखंडा शिक्षक कुठल्या तुकडीला आहे?

नाव चिकटलं की काय होतं, याचा एक अस्वस्थ करणारा दाखला कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला आहे. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचं त्यावरचं पुस्तक १९६८ चं. शाळेत प्रत्येक इयत्तेचे तीन वर्ग होते: वरचा, मधला, खालचा. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून काढलेली सुमारे २० टक्के मुलं यंदा फुलणार आहेत असं शिक्षकांना सांगितलं. त्यांतली काही, विशेषतः लहान वर्गांतली, खरोखर पुढे गेली. परिणाम किती मोठा, यावर पुढे बरेच वाद झाले. पण त्या पुस्तकातली दुसरी नोंद कमी सांगितली जाते. खालच्या वर्गातली जी मुलं कुणी अपेक्षा केली नसताना पुढे गेली, त्यांच्याबद्दल शिक्षकांचं मत चांगलं होण्याऐवजी उलट बिघडलं. ढ मुलाने हात वर केला की आधी संशय येतो, कुणाचं बघितलंस? ज्यांनी मागच्या बाकावर वर्षं काढली त्यांना हा प्रश्न संशोधनाशिवाय माहीत आहे.

महाराष्ट्रात उलट दिशेचे प्रयोगही झाले, आणि ते पंगतीपर्यंत गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत बसवायला सांगितलं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. कोण किती हुशार, हे भाकरी थापताना कळत नाही. कळतं ते एवढंच, की कुणाची भाकरी गोल होते आणि कुणाची नकाशासारखी.

छांदोग्यातल्या सत्यकामाची गोष्ट मात्र गाई हजार होऊन संपत नाही. पुढच्याच खंडात तो स्वतः आचार्य झालेला दिसतो. त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षं अग्नींची सेवा करतो. बाकीच्या शिष्यांना सत्यकाम विद्या पूर्ण करून घरी पाठवतो. उपकोसलला तेवढं ठेवून घेतो. कारण उपनिषद सांगत नाही. सत्यकामाची पत्नी मध्ये पडते: या पोराने अग्नी नीट सांभाळले, त्याला शिकवा, नाहीतर अग्नीच तुम्हाला दोष देतील. सत्यकाम काही न बोलता प्रवासाला निघून जातो. उपकोसल अन्न सोडतो. ती त्याला जेवायला बोलावते, तो म्हणतो, मन अनेक व्याधींनी भरलं आहे, जेवणार नाही. शेवटी ते तीन अग्नीच आपापसात ठरवतात आणि त्याला शिकवतात.

काही दिवसांनी सत्यकाम परततो. ज्याला एकेकाळी गोत्र नव्हतं आणि ज्याच्या वाट्याला रोड गाई आल्या होत्या, तो आता दारात उभा राहून त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघतो आणि गौतमाने त्याला विचारलेलाच प्रश्न विचारतो. तुला कोणी शिकवलं?

उपकोसल उत्तर देताना आधी जरा आढेवेढे घेतो.